मलप्रभेचे डोह, गावतळी आणि परके मासे: भाला कुठे चालतो, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मुलांनी विचारलंय की गावतळ्यात आणि खाली मलप्रभेच्या डोहात मांगूर आणि चिलापी फार वाढलेत, गळाला आता दुसरं काही लागतच नाही. परदेशात प्रवाळावरचे लायनफिश भाल्याने मारून तिथलं जीवन वाचवतात, तसं इथे करता येईल का? सामान काय लागेल? आणि मालवण-मुर्डेश्वरला डायव्हिंगला गेल्यावर तिथले लायनफिशही मारावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात मारू नका. लायनफिश आपल्याच समुद्राचा मासा आहे. हिंदी महासागर आणि पॅसिफिकचा पश्चिम भाग हे त्याचं मूळ घर. नेत्राणी बेटाच्या किंवा मालवणच्या खडकावर तो दिसला तर तो जिथे असायला हवा तिथेच आहे. तो परका ठरला अटलांटिकमध्ये. 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ त्याची पहिली नोंद झाली, बहुधा कुणीतरी काचेच्या टाकीतले मासे समुद्रात सोडल्यामुळे. 2000 नंतर तो कॅरिबियनभर पसरला. मादी दर दोन-चार दिवसांनी अंडी घालते, वर्षाला वीस लाखांच्या आसपास. तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही, त्यामुळे तो जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत.

तिथे भाला का चालला हे नीट समजून घ्या, कारण आपल्या पाण्याचा निर्णय त्यावरच करायचा आहे. एक, पाणी इतकं स्वच्छ की मासा मारण्याआधी शंभर टक्के ओळखता येतो. दोन, लायनफिश माणसाला बघून पळत नाही, पंख पसरून जागीच थांबतो. तीन, तो गळाला क्वचितच लागतो, आणि प्रवाळात जाळं ओढलं तर प्रवाळच मोडतं, म्हणून दुसरा निवडक मार्गच नव्हता. तरीसुद्धा भाल्याने तो तिथून संपलेला नाही आणि संपणारही नाही. तो 300 मीटर खोलीपर्यंत आढळला आहे आणि हौशी डायव्हर 40 मीटरच्या खाली जात नाही. बहामाजमध्ये झालेल्या प्रयोगात एवढं मात्र दिसलं की ठरावीक पातळीच्या खाली त्याची संख्या सतत दाबून ठेवली, तर स्थानिक छोट्या माशांचं एकूण वजन 50 ते 70 टक्क्यांनी वाढतं. यात 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. आणखी एक गोष्ट तिथे कळली: वारंवार शिकार झालेल्या खडकावरचे लायनफिश दिवसा कपारीत लपायला शिकतात. चुकलेला प्रत्येक वार एक सावध मासा मागे ठेवतो. इथेही हेच होतं.

आता आपल्या पाण्याला तेच तीन प्रश्न विचारा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा वर्षातला बराच काळ गढूळ. चिलापी भित्री, सावली पडली की पसार. मांगूर दिवसा मुळांखाली, कपारीत. आणि आपल्याकडे जाळं आहे, गळ आहे, उन्हाळ्यात तळं आटवायची सोय आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे भाला हे मुख्य हत्यार नाही. जाळ्याने आणि पाणी उपसून काम झाल्यावर कपारीत उरलेले मोठे मासे वेचायला तो आहे. सुरुवात भाल्याने केली तर मोठे मासे मरतात, बारके उरतात, आणि चिलापीच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी बिघडते. का ते पुढे येईल.

आधी ओळख. इथे चूक झाली तर सगळं काम उलटं पडतं.

आफ्रिकन मांगूर: भारतात याच्या पालनावर बंदी आहे आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं, तरी शेततळ्यांतून तो सुटतच राहतो. अंग बिनखवल्यांचं, डोकं चपटं आणि हाडाचं, मिशांच्या चार जोड्या, पाठीवर लांबलचक एकच पर. मोठ्या माशाच्या अंगावर करडी-काळपट संगमरवरी नक्षी आणि पोट पांढरं. देशी मांगूर दिसायला याच्यासारखाच, पण अर्ध्या किलोच्या पुढे सहसा जात नाही. आफ्रिकन कित्येक किलोंचा होतो. खात्रीची खूण डोक्याच्या मागच्या कडेला आहे. देशी मांगुरात कवटीचं हाड मागे एकाच टोकाने निमुळतं होतं, आफ्रिकनमध्ये ती कडा रुंद आणि दुबेळकी असते. हे पाण्यात दिसत नाही, मासा हातात घेऊनच कळतं. म्हणून नियम करून टाका: हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा लहान मांगुरावर भाला चालवायचा नाही. तो जाळ्याने धरायचा, डोकं बघायचं आणि मग ठरवायचं. शिंगाळा आणि मांगूर यांचा घोटाळाही नेहमी होतो. शिंगाळ्याच्या पाठीवर मुख्य परामागे, शेपटीकडे, एक मऊ मांसल छोटा पर असतो. मांगुराला तो नसतो. शिंगाळा आपला आहे.

चिलापी: मोझांबिक चिलापी 1952 साली भारतात आणली गेली, नंतर नाईल चिलापीही आली. दोघींच्या पाठीवर एकच लांब पर, पुढचा भाग काट्यांचा. अंगावरची मधली रेषा सलग नसते, अर्ध्यावर तुटून थोडी खालून पुढे जाते. रोहू-कटल्यात ती सलग असते. विणीच्या काळात मोझांबिक चिलापीचा नर काळा पडतो, गळा पांढरट आणि परांच्या कडा लालसर होतात. काठाजवळ उथळ तळात बशीसारखे गोल खड्डे दिसले की ती नरांनी केलेली घरटी समजा.

सकर: घरच्या काचेच्या टाक्यांतून सोडलेला, चिलखतासारख्या हाडांच्या पट्ट्यांचा, खाली तोंड असलेला मासा. जाळं फाडतो आणि काठाच्या मातीत बिळं करतो, त्यामुळे बांध पोकळ होतो. पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहतो. भाला त्याच्या पाठीवरून निसटतो. हा हाताने किंवा जाळ्यानेच काढायचा.

रोहू, कटला, मृगळ हेही कृष्णेच्या खोऱ्यात बाहेरून आणून सोडलेले आहेत, पण तळ्याचा ठेका घेतलेल्या संस्थेचं पोट त्यावर चालतं. त्याला हात लावायचा नाही. आणि मरळ तर कधीच नाही. भाला हातात आला की पोरांना सगळ्यात आधी मरळच मारावीशी वाटते, कारण ती मोठी असते आणि उथळात निवांत पडून राहते. चिलापीची पिल्लं खाऊन संपवणारा तोच तर आपला देशी शिकारी आहे. पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका हलताना दिसला की खाली मरळीची जोडी राखण करतेय समजा आणि त्या बाजूला जाऊच नका.

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. तळं कुणाच्या ठेक्यात आहे हे ग्रामपंचायतीत आणि मत्स्यखात्याच्या तालुका कार्यालयात विचारा, ठेकेदार संस्थेचं लेखी घ्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, तो लवकर पुढे सरकतो. कणकुंबी-जांबोटीच्या वरच्या भागात भीमगड अभयारण्याची हद्द कुठे लागते हे वनखात्याकडून नकाशावर बघून घ्या. त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय भालाही नाही आणि जाळंही नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट सोडणं हा तर माणूस मारायचा धंदा आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमातून 2020 मध्ये एक नवी मुऱ्या-वर्गातली जात नोंदली गेली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. तीच नदी पुढे संकेश्वरला येते. अशा उगमाच्या झऱ्यांवर आणि देवळाच्या घाटांवर हौशी लोकांनी काहीच करू नये, परका मासा दिसला तर फोटो काढून कळवावं.

जागा निवडताना आधी पाणी तपासा. स्टीलच्या डब्याचं 20 सेंटिमीटरचं झाकण पांढरं रंगवा, मधोमध भोक पाडून वजन बांधा, दोरीवर दर 25 सेंटिमीटरला गाठ मारा. दुपारी सावलीच्या बाजूने ते पाण्यात सोडा. दिसेनासं होतं ती खोली एक मीटरपेक्षा कमी असेल तर पाण्यात उतरून भाला चालवायचा नाही, कारण टोकाच्या पलीकडे मासा आहे की सोबत्याचा पाय हे दिसणार नाही. मलप्रभेच्या वरच्या डोहांत डिसेंबर ते एप्रिल ही अट बहुतेक पुरी होते. चिऱ्याच्या आणि दगडाच्या जुन्या खाणींत पाणी स्वच्छ असतं, पण काठ उभे असतात आणि बाहेर यायला जागा नसते. तिथे आधी शिडी किंवा गाठींचा दोर बांधल्याशिवाय कुणी उतरू नये. चिकोडी, रायबाग, अथणीकडे कृष्णेत मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरून शिकारीचा विषयच काढू नका. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या सांडपाण्यात मांगूर भरपूर सापडेल, कारण तो हवेतून श्वास घेतो आणि प्राणवायू नसलेल्या पाण्यातही जगतो. पण तिथे तुम्हाला लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) किंवा जखमेचा संसर्ग होईल. तिथले मासे फक्त जाळ्याने, काठावरून काढायचे आणि खायचे नाहीत.

आपल्या भागातला एक धोका समुद्रावरची पुस्तकं सांगत नाहीत: उसाच्या मोटारी. डोहाच्या काठाने पाणबुडी मोटारींच्या केबल पडलेल्या असतात, जोडावर नुसती टेप असते. उतरण्याआधी त्या काठावरच्या प्रत्येक मोटारीच्या मालकाला विचारा, फ्यूज काढून घ्या आणि बाहेर पडेपर्यंत तो तुमच्या माणसाच्या खिशात ठेवा. नुसतं स्विच बंद करून चालत नाही, वीज आल्यावर ऑटो स्टार्टर स्वतःच मोटार सुरू करतो.

भाला. बाजारातली बंदूक आणू नका. एक-दीड मीटर दिसणाऱ्या पाण्यात तिचा बाण माशाला भेदून पुढे कुठे जाईल हे सांगता येत नाही. रबराचा साधा हातभाला पुरे. दांडा 1.6 ते 1.8 मीटर, फायबरचा किंवा 12-14 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकं बंद केलेली. काठावरून मारायचा असेल तर सरळ, पक्का वाळलेला बांबू, 2 मीटर लांब. टोकाला तीन ते पाच काट्यांचा पंजा: 5 मिलिमीटरची स्टेनलेस सळी, प्रत्येक काटा 14-15 सेंटिमीटर, टोकं एकमेकांपासून पाच-सहा सेंटिमीटर फाकलेली, टोकाखाली दोन सेंटिमीटरवर लहानसा अडकावा. बांधकामाची सळी वापरू नका. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या टर्नरकडे आणि आर्गन वेल्डिंगवाल्याकडे हा पंजा एका दिवसात होतो. टोक गोल सुईसारखं घासू नका, तीन सपाट बाजू काढा. मांगुराच्या जाड कातडीत तेच शिरतं. मागच्या टोकाला 14-16 मिलिमीटर जाडीच्या लॅटेक्स नळीचा फास, दुमडल्यावर दांड्याच्या साधारण एक तृतीयांश. फास अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून, ओढून, हात दांड्यावर पुढे धरायचा. मूठ सैल केली की भाला सुटतो. पंजाला रबरी नळीचं टोपण हवंच. पाण्याबाहेर रबर ताणायचं नाही. मांगूर पिळे घेतो आणि हलका दांडा हातातून काढून घेतो, म्हणून मागे 2 मिलिमीटर नायलॉन दोरी आणि तिला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा.

नेमाबद्दल. काठावर उभं राहून मारणाऱ्यांचे दहातले आठ वार माशाच्या वरून जातात. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ खाली बघितलं तर एक मीटर खोलीवरचा मासा पाऊण मीटरवर दिसतो; तिरकं बघितलं तर फरक आणखी वाढतो. मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरा असं सगळे सांगतात, पण किती खाली ते कुणाला जमत नाही. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे पंज्याचं टोक आधी हळूच पाण्यात बुडवायचं. मग टोक आणि मासा दोन्ही सारखेच सरकलेले दिसतात आणि नेम जुळतो. करवंटीत दगड घालून ती वेगवेगळ्या खोलीवर बुडवा आणि त्यावर सराव करा. दहापैकी आठ वेळा लागेपर्यंत जिवंत माशाला हात लावू नका, कारण जखमी होऊन निसटलेला मासा वाईट रीतीने मरतो आणि बाकीचे सावध होतात. मुखवटा लावून पाण्याखाली गेल्यावर उलटं होतं, सगळं सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि मोठं दिसतं. तिथे चूक होते ती वार लवकर सोडण्यात. टोक माशापासून हातभर, म्हणजे 30 ते 50 सेंटिमीटरवर आल्याशिवाय सोडू नका.

डोहात नेहमी खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध सरका. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, तुम्ही त्यांच्या पाठीमागून जाता आणि तुम्ही ढवळलेला गाळ मागे वाहून जातो. चिलापीवर वार कल्ल्याच्या मागे, मधल्या रेषेवर. मांगुराच्या डोक्यावर कधीही मारू नका, कवटीवरून काटे घसरतात. कवटी संपते तिथे, मानेवर मारा. दिवसा तो कपारीत असतो. पहाटे आणि सांजेला हवा घ्यायला वर येतो, थोडा वेळ टेहळणी केली तर प्रत्येक माशाची वर यायची जागा कळते. रात्री टॉर्च घेऊन फक्त गुडघाभर पाण्यात, काठाने. रात्री बुडी मारायची नाही.

पाण्यात कधीही एकटं नाही. एक जण खाली असताना दुसऱ्याने पृष्ठभागावरून त्याच्यावरच नजर ठेवायची, तिसरा काठावर. बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊ नका. त्याने दम वाढत नाही, श्वास घ्यायची तगमग उशिरा होते आणि माणूस पुरुषभर पाण्यातही शुद्ध हरपून बुडतो. जितका वेळ खाली, त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती.

चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, दोन-तीन आठवडे. वार बसला की ती पहिल्यांदा तोंड उघडते आणि सगळी पिल्लं पाण्यात सोडते. म्हणून मासा भाल्यावर असतानाच मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी खालून वर चढवा आणि तोंड त्या पिशवीतच राहू द्या. काठावर आल्यावर तोंड उघडून बघा. ही एक सवय नसेल तर तुम्ही एक मादी मारून शेकडो पिल्लं डोहभर पसरवता.

मासा लगेच मारायचा. डोक्यावर सोट्याचा एक जोरदार तडाखा, मग डोळ्यांच्या थोडं मागे सुरीचं टोक मेंदूत. मांगूर गोणीत टाकून ठेवलात तर तासाभराने गोणी चालायला लागते. त्याच्या छातीच्या परांचे काटे हातात घुसतात. जाड हातमोजे घाला आणि मासा काट्यांच्या मागून धरा. काटा लागला तर जखम धुऊन 43 ते 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर वर भाजेल. लायनफिशच्या 18 विषारी काट्यांवरही हाच उपाय करतात, कारण ते विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने मोडतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असू द्या.

आता तळ्याचं मुख्य काम. चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की वीण घालते, आणि गर्दी किंवा त्रास वाढला की आठ-दहा सेंटिमीटरची असतानाच घालायला लागते. भाल्याने मोठे मासे काढत राहिलात तर तळं या बुटक्या चिलापींनी भरतं. यावर एकच खरा उपाय: एप्रिल-मे मध्ये पाणी शेवटच्या डबक्यावर आलं की ते पूर्ण उपसायचं.

समजा डबकं 20 बाय 15 मीटर आणि सरासरी 60 सेंटिमीटर खोल. म्हणजे 180 घनमीटर, 1,80,000 लिटर. पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप सेकंदाला दहा लिटर काढत असेल तर पाच तास. गाळाने चोक झाला तर दुप्पट धरा. आधी बारीक जाळ्याने आठ-दहा वेळा ओढून देशी मासे झाकणाच्या पिंपात वेगळे करा, पिंपात बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा. पंपाच्या फूटवाल्व्हभोवती मच्छरदाणीची चौकट बांधा, आणि उपसलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, शेतात सोडा. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो: चिलापीचं बोटभर पिल्लू पाइपातून जिवंत जातं आणि तळं साफ करता करता ओढा भरतो. पाणी तळाला गेलं की भाल्याची खरी वेळ येते. दगडांच्या कपारीतला, बांधाच्या दगडी पिचिंगमधला मांगूर तिथेच भोसकून काढता येतो.

मांगूर गाळात शिरून बसतो. ओला राहिलेला प्रत्येक खळगा फावड्याने हातभर खोल उकरा. मग तळ भेगाळेपर्यंत, किमान दोन-तीन आठवडे, कोरडा राहू द्या. न सुकणाऱ्या ओल्या जागी कळीचा चुना, चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम. वारा पाठीशी ठेवून, गॉगल आणि हातमोजे घालून. मत्स्यशेतीत मोहाची पेंड 250 पीपीएम, म्हणजे हजार लिटरला पाव किलो, या मात्रेने वापरतात. वरच्या डबक्याला 45 किलो लागेल. ती सगळेच मासे मारते आणि असर पंधरा-वीस दिवस राहतो. म्हणून ती फक्त मत्स्यखात्याच्या माणसाच्या देखरेखीखाली, बाहेर पाणी न जाणाऱ्या डबक्यातच, आणि तितके दिवस गुरं तिथे पाण्यावर न्यायची नाहीत. उन्हाळ्यात शेतकरी तळ्याचा गाळ ट्रॅक्टरने नेतात तोही बघा. ओल्या गाळातून मांगूर दुसऱ्या गावच्या शेततळ्यापर्यंत पोचतो.

नदीच्या डोहात उपसा शक्य नाही. तिथे महिन्यातून एकदा, निदान वर्षभर काम करावं लागतं: रात्रीचे गळ मांगुराला, घरट्यांच्या उथळात पाग (फेकायचं जाळं) चिलापीला, आणि भाला उरलेल्यांना. वहीत प्रत्येक वेळी जागा, किती माणसं, किती तास, किती मासे आणि प्रत्येकाची लांबी लिहा. माणशी तासाला मिळणारे मासे कमी होत असतील तर काम लागू पडतंय. संख्या तीच पण लांबी घटत असेल तर तुम्ही बुटकी चिलापी पिकवताय. जाळ्याचा आस (डोळा) लहान करा.

मेलेले मासे. स्वच्छ डोहातली चिलापी खुशाल खा, चांगली लागते. मांगूर विकू नका आणि जिवंत तर कुठेच नेऊ नका. तो एक मीटर खोल खड्ड्यात, चुना टाकून, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवून पुरा.

बाहेरून येणं थांबलं नाही तर हे सगळं दर वर्षी करत बसाल. रोहू-कटल्याचं बीज आणलं की पिशवी थेट तळ्यात ओतू नका, पांढऱ्या टबात ओतून चिलापीची पिल्लं वेचा. डेंग्यूसाठी विहिरीत सोडलेले गप्पी आणि गांबुशिया ओढ्याला जोडलेल्या पाण्यात सोडू नका असं आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. वरच्या अंगाला कुणाच्या शेततळ्यात मांगूर आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्या माणसाशी पावसाआधी बोला, भांडण न करता, आणि पर्याय म्हणून कोणतं बीज घ्यायचं हेही सांगा.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात चढण लागते. वाम, शिंगाळा, मरळ अंड्यांनी भरलेले असताना ओढ्यातून भाताच्या खाचरांत चढतात आणि त्यांच्यासोबत मांगूरही. त्या दोन-तीन रात्री टॉर्च आणि कोयता घेऊन सगळं गाव उतरतं. तुमच्या मंडळाने तिथे उभं राहून फक्त आफ्रिकन मांगूर वेगळा काढायचा आणि अंड्यांचे मासे जाऊ द्यायला लोकांना पटवायचं. हे कुठल्याही भाल्यापेक्षा मोठं काम आहे. तळ्याच्या सांडव्यावर त्याआधीच सहा मिलिमीटरच्या वेल्डमेशची चौकट बसवा, तळाशी माती-दगडात हातभर गाडलेली आणि वर पाण्यापेक्षा गुडघाभर उंच. पावसात ती दर दोन तासांनी झाडावी लागते, रात्रीही, त्यामुळे पाळ्या लावा. पालापाचोळ्याने जाळी तुंबली की पाणी वरून उडी घेतं आणि मांगूर त्यासोबत आत येतो.